हसत मांडलेला हिशेब : स्त्री, विवाह आणि इंग्रजी विनोदी कादंबरी (१९०९–१९३८)

एलिझाबेथ फॉन आर्निम यांच्या ‘द एन्चांटेड एप्रिल’ (१९२२) या कादंबरीत इटलीच्या किनाऱ्यावरचा एक जुना किल्ला महिनाभरासाठी भाड्याने मिळतो. भाडे ६० पौंड. लंडनच्या चार बायका ते वाटून घेतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला १५ पौंड येतात. पुढे त्या किल्ल्यात जे काही सुंदर घडते, ते या पंधरा पौंडांवर उभे आहे. मिसेस विल्किन्सने कपड्यांच्या पैशांतून थोडे थोडे बाजूला टाकलेले असतात, तेही अडीनडीसाठी असावेत म्हणून नवऱ्याने बजावल्यामुळे. मिसेस आर्बथनॉटचा नवरा राजेलोकांच्या रखेल्यांची चरित्रे लिहून कमावतो. तिला तो पैसा इतका टोचतो की ती तो गोरगरिबांच्या मदतीत घालवते. स्वतःच्या सुखासाठी चार पैसे काढताना दोघींनाही चोरी केल्यासारखे वाटते. वाचक इथे हसतो आणि हसता हसता एका प्रश्नापाशी येऊन थांबतो : बाईच्या हातातला पैसा तिचा स्वतःचा केव्हा होतो?

विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत इंग्लंडमध्ये अशा कादंबऱ्यांची एक समृद्ध परंपरा घडली. त्या बहुतेक स्त्रियांनी लिहिल्या आणि प्रामुख्याने स्त्रियांनी वाचल्या. लग्न झालेल्या, न झालेल्या, करू न इच्छिणाऱ्या आणि करून पस्तावलेल्या बायकांच्या या गोष्टी आहेत. वाचायला त्या हलक्याफुलक्या असल्यामुळे अभ्यासकांनी बराच काळ त्यांना करमणुकीच्या कप्प्यात टाकले. माझे म्हणणे असे, की या लेखिकांनी स्त्रीचे स्वातंत्र्य रोजच्या लहान लहान निर्णयांत मोजले आणि त्या मोजणीसाठी विनोदाइतके अचूक साधन त्यांच्यापाशी दुसरे नव्हते. या क्षेत्रात नव्याने पाऊल टाकणाऱ्या मराठी वाचकासाठी ही प्रस्तावना आहे.

सुरुवात १९०९ पासून करणे सोयीचे आहे. त्या वर्षी तीन पुस्तके निघाली. सिसिली हॅमिल्टन यांनी ‘मॅरेज अ‍ॅज अ ट्रेड’ या वैचारिक पुस्तकात स्पष्टच लिहिले, की इतर व्यवसाय बंद असल्यामुळे लग्न हाच बाईचा पोट भरण्याचा धंदा होऊन बसला आहे. एच. जी. वेल्स यांच्या ‘अ‍ॅन व्हेरॉनिका’ची नायिका बापाचे घर सोडते, मताधिकाराच्या चळवळीत तुरुंगात जाते आणि आपला जोडीदार आपण निवडते. आणि फॉन आर्निम यांची ‘द कॅरव्हॅनर्स’ आली. तिच्यात कोणी घर सोडत नाही, कोणी तुरुंगात जात नाही. एका बाईने घागरा थोडा आखूड केला, एवढीच तिच्यातली क्रांती. मागच्या पिढीच्या ‘नव्या स्त्री’च्या कादंबऱ्यांशी हे ताडून पाहावे. ग्रँट अ‍ॅलन यांच्या ‘द वुमन हू डिड’ (१८९५) मध्ये तत्त्वासाठी लग्न नाकारणारी नायिका शेवटी आत्महत्या करते. तिथे सगळी कथा एका मोठ्या पावलाभोवती फिरते आणि त्या पावलाची किंमतही तेवढीच मोठी असते. विनोदी कादंबरीने नायिकेला जिवंत ठेवले, घरातच ठेवले आणि घराकडे बारकाईने पाहायला लावले.

घराकडे पाहण्याची गरज का पडली, हे त्या काळचे कायदे चाळले की कळते. १८८२ च्या कायद्याने इंग्लंडमधल्या विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवता येऊ लागली. १९१८ मध्ये तिशी ओलांडलेल्या आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या स्त्रियांना मत मिळाले. पुरुषांच्या बरोबरीने, म्हणजे एकविसाव्या वर्षी, ते मिळायला १९२८ उजाडले. १९१९ च्या कायद्याने वकिलीसारखे व्यवसाय खुले झाले. १९२० मध्ये ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देणे सुरू केले. घटस्फोटासाठी नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होते, बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर आणखी एखादा गुन्हा दाखवावा लागे. ही तफावत १९२३ मध्ये गेली. क्रूरता आणि परित्याग ही कारणे १९३७ मध्ये मान्य झाली. दुसरीकडे, लग्न झाले की शिक्षिकेला नोकरी सोडायला लावण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी होती आणि ती १९४४ पर्यंत टिकली. महायुद्धानंतर, १९२१ च्या जनगणनेत, इंग्लंड आणि वेल्समध्ये स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा १७ लाखांहून अधिक भरली आणि वर्तमानपत्रांतून ‘जादा बायकां’ची चर्चा रंगली.

म्हणजे कायदा पुढे गेला होता आणि जेवणाचे टेबल होते तिथेच होते. हक्क मिळालेली बाई घरी आल्यावर खिडकी उघडायची की नाही हे कोण ठरवते? सकाळचे तीन तास कोणाचे? वारशाने आलेली रक्कम कुठे गुंतवायची? असल्या प्रश्नांसाठी न्यायालय नसते आणि आंदोलनही करता येत नाही. गंभीरपणे बोलायला जावे तर बोलणारीच क्षुल्लक ठरते. विनोदाने ही कोंडी फोडली. लहान गोष्ट लहानच ठेवून तिच्यामागचा अधिकार दाखवायची सोय त्यात होती.

ही सोय लेखिकांनी निरनिराळ्या प्रकारे वापरली. पहिला प्रकार आत्मसंतुष्ट निवेदकाचा. ‘द कॅरव्हॅनर्स’ सांगतो तो बॅरन ऑटो हा प्रशियन लष्करी अधिकारी. आपल्या लग्नाचा रौप्यमहोत्सव साजरा करायला तो इंग्लंडच्या दक्षिणेत घोडागाडीतून सहलीला निघतो. पंचवीस वर्षे भरतात ती दिवंगत पहिल्या बायकोची आणि हयात दुसरीची मिळून. या एका बेरजेत त्याची विवाहाबद्दलची सगळी समजूत उघडी पडते : बायको बदलली तरी त्याच्या लेखी लग्न एकच चालू आहे. सहलीतल्या इंग्रज मंडळींच्या सहवासात त्याची पत्नी एडेलगार्ड हळूहळू मोकळी होते आणि त्याच्या हाकेला उठेनाशी होते. तो हे सगळे तक्रारीच्या सुरात नोंदवतो आणि अर्थ मात्र त्याला कळत नाही. पत्नीची बाजू कोणीच मांडत नाही. ती वाचकाला नवऱ्याच्या तक्रारींतून जुळवावी लागते आणि जुळवता जुळवता वाचक तिच्या बाजूचा होऊन जातो.

दुसरा प्रकार रोजनिशीचा. ई. एम. डेलाफिल्ड यांची ‘डायरी ऑफ अ प्रोव्हिन्शियल लेडी’ डिसेंबर १९२९ पासून ‘टाइम अँड टाइड’ साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली आणि १९३० मध्ये पुस्तक झाली. लेडी ऱ्होंडा यांनी १९२० मध्ये सुरू केलेले हे साप्ताहिक स्त्रियांनी चालवलेले, राजकारणावर ठामपणे बोलणारे होते. डेव्हनच्या खेड्यात राहणाऱ्या या रोजनिशीकारिणीला नाव नाही. नवरा रॉबर्ट जमीनदारीची व्यवस्था पाहतो आणि संध्याकाळी ‘टाइम्स’ वाचता वाचता झोपी जातो. स्वयंपाकीण नोकरी सोडण्याच्या बेतात, फ्रेंच मादमोझेल रुसलेली, फुलांचे कंद कुंडीत कुजलेले, बँकेच्या खात्यात उणे शिल्लक. पैशांची फारच ओढाताण झाली की ती मावशीआजीची हिऱ्याची अंगठी गहाण टाकते. हे सारे ती अर्ध्यामुर्ध्या वाक्यांत, क्रियापदे गाळून लिहिते, कारण पुरे वाक्य लिहायला सवड नाही. शैलीच इथे पुरावा होते. गृहिणीच्या दिवसाचे किती तुकडे पडतात, हे वाचकाला वाक्यांच्या तुकड्यांतून कळते. चारचौघांत तिला जे बोलता आले नाही ते ती रात्री कागदावर स्वतःलाच विचारते. त्या प्रश्नांत तिची बुद्धी लखलखते. दिवसभर मात्र त्या बुद्धीची कोणी दखल घेतलेली नसते. स्वतः डेलाफिल्ड ऐन तारुण्यात बेल्जियममधल्या एका मठात जोगीण व्हायला गेल्या होत्या, पुढे कादंबरीकार झाल्या, डेव्हनमध्ये मॅजिस्ट्रेटचे कामही त्यांनी केले. लग्नासाठीच वाढवलेल्या मुलींची घुसमट त्यांनी ‘थँक हेवन फास्टिंग’ (१९३२) मध्ये निर्दयपणे रंगवली. ती वाचल्यावर ‘डायरी’तल्या हसण्याची खोली समजते.

तिसरा प्रकार चालत आलेल्या कथेला उलटे करण्याचा. सिल्व्हिया टाउनसेंड वॉर्नर यांच्या ‘लॉली विलोज’ (१९२६) मधली लॉरा वडील गेल्यावर, अठ्ठाविसाव्या वर्षी, लंडनला भावाकडे राहायला येते. तिथे ती मुलांची ‘लॉली आत्या’ होते आणि वीसेक वर्षे तीच राहते. घरात सगळे चांगले वागतात. पण तिच्याशिवाय घर अडते आणि तिला कोणी विचारत मात्र नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी ती चिल्टर्न टेकड्यांतल्या एका खेड्यात एकटी राहायचे ठरवते आणि आपले पैसे मागते. तेव्हा कळते, की भावाने ते तिला न विचारता भलत्याच कंपनीत घातले आणि त्यांची किंमत घसरली आहे. भाऊ दुष्ट नाही. बहिणीच्या पैशांबद्दल बहिणीला विचारायचे असते, हे त्याला सुचलेच नाही. लॉरा उरल्यासुरल्या पैशांवर जाते, सैतानाशी करार करते आणि चेटकीण होते. शतकानुशतके एकट्या बाईला जे नाव भीतीने दिले गेले, ते लॉरा आनंदाने घेते, कारण तिच्या दिवसाच्या तासांवर हक्क न सांगणारा सैतान हा एकटाच मालक आहे. अमेरिकेतल्या ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ने १९२६ मध्ये आपले पहिले पुस्तक म्हणून हीच कादंबरी निवडली.

स्टेला गिबन्स यांची ‘कोल्ड कम्फर्ट फार्म’ (१९३२) याच वाटेने जाते. त्या काळी गाजलेल्या ग्रामीण शोककादंबऱ्यांचे ते विडंबन आहे. वर्षाला १०० पौंडांचे उत्पन्न असलेली पोरकी फ्लोरा ससेक्समधल्या नातेवाइकांच्या शेतावर राहायला जाते आणि एकेकाचे दुःख नीटनेटके मार्गी लावते. माडीवर कोंडून घेतलेली एडा डूम ही म्हातारी आत्या लहानपणी पाहिलेल्या कसल्याशा भयंकर दृश्याचा धाक घालून सगळ्या घराला मुठीत ठेवते आणि शेताचे हिशेबही स्वतःच तपासते. फ्लोरा तिला हरवत नाही. तिला पॅरिसला जाण्याचा मोह घालते. वर्षानुवर्षे भोगलेले दुःख हीसुद्धा सत्ता होऊ शकते, हे गिबन्स यांचे निरीक्षण हसण्याच्या भरात निसटून जाऊ देऊ नये.

पैशांइतकाच वेळेचाही प्रश्न या कादंबऱ्यांत सतत येतो. रोझ मॅकॉले यांच्या ‘डेंजरस एजेस’ (१९२१) मधली नेव्हिल त्रेचाळीस वर्षांची होते, मुले मोठी झालेली असतात आणि लग्नामुळे सुटलेला वैद्यकीचा अभ्यास ती पुन्हा हाती घेते. बुद्धीची सवय मोडली आहे हे तिच्या लक्षात येते आणि मॅकॉले तिला खोटा दिलासा देत नाहीत. ‘क्रू ट्रेन’ (१९२६) मध्ये अँडोराच्या डोंगरात वाढलेली डेनहॅम लंडनच्या सुसंस्कृत घरात येऊन पडते. गप्पा, मेजवान्या, आवराआवर यांतले काहीच तिला पटत नाही. तिला नकाशे, भटकंती आणि एकांत हवा असतो. ती लग्न करते ते खरोखरच्या प्रेमाने. आणि त्या प्रेमानेच ती अडकते. शेवटी तिच्या पुढच्या दिवसांचे वेळापत्रक आखून दिले जाते. तिथवर पोटभर हसलेल्या वाचकाचा चेहरा शेवटच्या पानांवर उतरतो. याउलट विनिफ्रेड वॉटसन यांच्या ‘मिस पेटिग्रू लिव्हज फॉर अ डे’ (१९३८) मध्ये प्रकरणांना घड्याळातल्या वेळांची नावे आहेत. चाळिशीची, नोकरी गेलेली, उपाशी गव्हर्नेस एका दिवसापुरती भलत्याच जगात शिरते. आयुष्यात पहिल्यांदाच तिचे मत कोणी विचारते, आणि ते मत शहाणपणाचे निघते. तिला मिळणारे सुख परीकथेतले असले तरी त्याच्याआधीची भूक खरी आहे.

इथे एक रास्त आक्षेप उभा राहतो. विनोद सगळे सुसह्य करून टाकत नाही का? ‘द एन्चांटेड एप्रिल’मध्ये उन्हाने आणि विस्टेरियाच्या फुलांनी नवरेसुद्धा सुधारतात, हे पटवून घ्यायचे कसे? याचे उत्तर फॉन आर्निम यांनीच आदल्या वर्षी लिहून ठेवले होते. ‘व्हेरा’ (१९२१) मधला वेमिस हा विधुर लूसी या तरुणीशी लग्न करतो आणि पहिल्या बायकोचा जिथे मृत्यू झाला त्या घरात तिला आणतो. पुस्तकांची कपाटे कुलूपबंद आणि किल्ली त्याच्याकडे; पियानोवर बटणे लावलेली खोळ; त्याच्या मनाविरुद्ध काही झाले तर बायको पावसात घराबाहेर. लेखिकेचे दुसरे लग्न बर्ट्रांड रसेल यांचे थोरले बंधू फ्रँक यांच्याशी १९१६ मध्ये झाले आणि लवकरच मोडले. वेमिसमध्ये त्यांची छाया आहे, हे अभ्यासक मानतात. दोन्ही पुस्तकांत नवऱ्यांच्या सवयी सारख्याच बारकाईने टिपल्या आहेत, हे मला फार महत्त्वाचे वाटते. एकीकडे त्या सवयींचे हसू होते, दुसरीकडे त्यांचाच धसका बसतो. ‘व्हेरा’ वाचून ‘एप्रिल’कडे वळले की किल्ल्यातले ऊन किती महागाचे आहे ते जाणवते.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. या कादंबऱ्यांतल्या मालकिणीला थोडी मोकळीक मिळते तेव्हा स्वयंपाकघरात कोणीतरी राबत असते आणि तिची रोजनिशी कोणी लिहिलेली नाही. पैशांचा उगमही अनेकदा साम्राज्यात आहे. व्हर्जिनिया वूल्फ यांच्या ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ (१९२९) मधले वर्षाचे ५०० पौंड मराठी वाचकाने जरूर आठवावेत. निवेदिकेला ते मिळतात ते तिच्या आत्याकडून, आणि ही आत्या वारते ती मुंबईत घोड्यावरून रपेट करताना पडून. लेखिकेच्या स्वतंत्र खोलीचा खर्च ज्या मार्गांनी आला, त्यांतला एक आपल्या शहरातून जात होता. हे ध्यानात ठेवून वाचल्याने या पुस्तकांची गोडी कमी होत नाही. वाचन मात्र प्रौढ होते.

मराठीशी असलेला दुसरा धागा कायद्याचा आहे. रखमाबाईंवर नवऱ्याने मुंबईत जो नांदायला येण्याचा दावा लावला, तो इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून आपल्याकडे आलेला दावा होता. असा हुकूम न पाळल्याबद्दलची कैद इंग्लंडने १८८४ मध्येच रद्द केली होती; रखमाबाईंना मात्र १८८७ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असे सुनावले. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली आणि पुढच्या वर्षी त्या वैद्यकी शिकायला लंडनला गेल्या. फॉन आर्निम आणि मॅकॉले ज्या विवाहसंस्थेवर हसल्या, तिचीच कलमे मुंबईत एका मराठी मुलीविरुद्ध वापरली गेली होती.

आपल्याकडच्या समकालीन लेखनाशी या कादंबऱ्यांचा थेट संबंध नसला तरी तुलना फलदायी ठरेल. ‘थँक हेवन फास्टिंग’च्या पाठोपाठ, १९३३ मध्ये, विभावरी शिरूरकर यांचे ‘कळ्यांचे निःश्वास’ आले आणि शिकलेल्या, लग्नावाचून थांबलेल्या मुलींची मने महाराष्ट्राला प्रथमच आतून दिसली. त्या पुस्तकाने उठवलेले वादळ प्रसिद्ध आहे. ‘डायरी’ पुस्तकरूपाने निघाली त्याच १९३० मध्ये किर्लोस्करांचे ‘स्त्री’ मासिक सुरू झाले. स्त्रियांसाठी चालणाऱ्या दोन देशांतल्या नियतकालिकांत गृहिणीच्या दिवसाबद्दल काय छापले जात होते, याचा शेजारी शेजारी ठेवून अभ्यास व्हायला हवा. मराठी, इंग्रजी दोन्ही वाचणारे तरुण अभ्यासक तो उत्तम करू शकतील.

इंग्लंडमध्ये या पुस्तकांना पहिले घर मिळाले ते वर्गणी भरून पुस्तके नेण्याच्या वाचनालयांत. बूट्स या औषधांच्या दुकानांच्या साखळीचे असे वाचनालय १८९८ पासून १९६६ पर्यंत चालले आणि मध्यमवर्गीय बायका औषधांबरोबर कादंबरीही घरी नेत. अशा वाचनाला दुय्यम मानण्याची सवय विद्यापीठांना लागली आणि अनेक पुस्तके छापखान्यातून हद्दपार झाली. ती परत आणली स्त्रियांच्या प्रकाशनसंस्थांनी. कार्मेन कॅलिल यांनी १९७३ मध्ये स्थापलेल्या व्हिरागोने १९७८ पासून जुन्या लेखिकांची अभिजात माला काढली. निकोला बोमन यांनी १९८३ मध्ये ‘अ व्हेरी ग्रेट प्रोफेशन’ हा दोन युद्धांमधल्या स्त्रीकादंबरीवरचा ग्रंथ लिहिला आणि १९९९ मध्ये पर्सेफनी बुक्स सुरू केले. तिथून २००० मध्ये ‘मिस पेटिग्रू’ पुन्हा निघाली, ती नव्वदी ओलांडलेल्या वॉटसनबाईंच्या हयातीत. अ‍ॅलिसन लाइट यांचे ‘फॉरएव्हर इंग्लंड’ (१९९१) आणि निकोला हंबल यांचे ‘द फेमिनिन मिडलब्राउ नॉव्हेल’ (२००१) ही दोन पुस्तके पुढच्या अभ्यासाला पाया म्हणून पुरेशी आहेत.

नव्या वाचकाने सुरुवात ‘डायरी’पासून करावी, ती कुठेही उघडली तरी लगेच ओळखीची होते. मग ‘व्हेरा’ आणि ‘द एन्चांटेड एप्रिल’ याच क्रमाने आणि लागोपाठ वाचाव्यात. त्यानंतर ‘लॉली विलोज’, आणि ‘क्रू ट्रेन’ शेवटी, कारण तिचा शेवट पेलायला आधीच्या पुस्तकांची सोबत लागते. जिथे हसू येईल तिथे थांबून तीन गोष्टी पाहाव्यात : या प्रसंगात पैसे कोणाचे, वेळ कोणाची आणि शेवटचा शब्द कोणाचा. लेखिकांनी प्रत्येक विनोदात यांपैकी एक तरी नोंद केलेली सापडेल. कायद्याच्या पुस्तकांतून स्त्रीला काय मिळाले ते कळते. मिळालेले तिच्यापर्यंत किती पोहोचले, हे कळायला या कादंबऱ्यांइतकी विश्वासाची जागा मला दुसरी ठाऊक नाही. ही तपासणी आपल्याही घरांत अजून पुरी व्हायची आहे. म्हणूनच शंभर वर्षांपूर्वीची, दूर देशातली ही पुस्तके मराठी वाचकांनी आपली मानावीत, त्यांवर वाद घालावेत आणि त्यांतली निदान काही मराठीत आणावीत.